दिवाळीची ५०० हातकार्डं: नागपुरातल्या एका गटाने घेतलेली ऑर्डर

हे प्रकरण २०२४ च्या दिवाळीचं आहे. गटाचं, कंपनीचं, संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही आणि कोणी ओळखू येईल असे तपशील काढून टाकलेत, बाकी जे झालं ते तसंच ठेवलंय. मी या गटाचा हिशेब लिहिते त्यामुळे आकडे वहीतूनच घेतलेत. हातकार्डं विकून एखाद्या कामाला पैसे उभे करायचा विचार करणाऱ्या बचत गटांना, शाळांना, सोसायटीच्या महिला मंडळांना याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

गटात आम्ही आठ जणी. चित्रकलेच्या रिटायर्ड मॅडम, एक शेजारच्या काकू आणि मी अशा तिघी हौसेने येणाऱ्या, आणि बाजूच्या वस्तीतल्या पाच जणी ज्यांना दुपारच्या दोन-तीन तासांत घरबसल्या काही कमाई हवी होती. सुरुवात राखीपासून झाली, मग वाढदिवसाची कार्डं, मग तान्ह्या पोळ्याला लहान पोरांसाठी नंदीबैलाची छोटी कार्डं. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात तो, विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगितलं. बोजारा म्हणून पोरांच्या हातात पैसे देतात त्यासोबत लोक हे कार्डही द्यायला लागले आणि बऱ्यापैकी खपली.

तेव्हा मुख्य काम क्विलिंगचं. तीन मिलिमीटरच्या कागदी पट्ट्या गुंडाळून पाकळ्या, मोर, पणत्या. दिसायला फार सुंदर, पण एका कार्डाला चाळीस मिनिटं सहज जातात. सोसायटीच्या प्रदर्शनात ५० रुपयाला एक विकायचो आणि महिन्याला तीस-चाळीस कार्डं जायची, तेवढ्यात कोणाला वेळेचा हिशेब करायची गरजच पडली नव्हती.

उरलेले पैसे कुठे द्यायचे हे मॅडमच्या ओळखीने ठरलं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तो झालेल्या मुलांसाठी काम करणारी एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडून पोरं तपासणीला नागपूरला येतात त्यांच्या घरच्यांना ती मदत करते. विदर्भात हा आजार भरपूर आहे. आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचं जनुक अंगात असलं, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि आजारी मुलाला थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की अंग असं दुखायला लागतं की पोर रात्र रात्र झोपत नाही. आमच्या पाचांपैकी एकीच्या भाच्यालाच हा आजार आहे, त्यामुळे वस्तीत हा विषय कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

ऑर्डर आली

गणपती विसर्जन १७ सप्टेंबरला झालं आणि दुसऱ्याच दिवशी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या एचआरमधून मॅडमना फोन आला. त्यांच्या कोणीतरी प्रदर्शनात कार्ड घेतलं होतं. ग्राहकांना आणि स्टाफला दिवाळीला पाठवायला ६०० कार्डं हवी, भाव ६० रुपये, १९ ऑक्टोबरच्या शनिवारी हातात पाहिजेत म्हणजे धनत्रयोदशीच्या आत, २९ तारखेच्या आत, पोस्टाने पोहोचतील. वर तीन अटी: कार्ड मोठं हवं, पुढे कंपनीचा लोगो हवा आणि मागे एखाद्या आजारी मुलाचा फोटो टाकून "या कार्डाची संपूर्ण रक्कम या मुलांसाठी" असं लिहायचं.

३६ हजारांची ऑर्डर म्हणजे आमच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त. सगळ्यांचे चेहरे फुलले. फक्त वस्तीतल्या एकीने लगेच विचारलं, "मॅडम, एवढे कार्डं एका महिन्यात कोन करून राहिलं जी?" आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली.

वेळ मोजला तेव्हा

कागदावर आठ जणी, आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तास म्हणजे आठवड्याला ९६ तास आणि चार आठवड्यांचे ३८४. पण ३ ऑक्टोबरपासून नवरात्र, कोणाकडे घट, कोणाकडे पाहुणे, कोणाच्या पोरीची परीक्षा. म्हणून आम्ही २५० तास धरले. क्विलिंगची ६०० कार्डं म्हणजे ४०० तास. विषय तिथेच संपला, कारण रात्री जागून भरून काढू असं म्हणायला सोपं असतं, पण दिवाळीच्या तोंडावर घरातल्या बाईची रात्र आधीच फराळाने आणि साफसफाईने भरलेली असते.

समोर असलेले पर्याय

नाही म्हणणं हा पहिला. काकूंचं मत तेच होतं, आपलं काम लहान आहे ते लहानच राहू द्या. त्यात चूक काही नव्हतं, पण पाच जणींना दिवाळीआधी मजुरी मिळण्याची ही एकच संधी होती.

दुसरा, बाहेरच्या दहा-बारा बायका घेऊन क्विलिंगच करायचं. यात शिकवण्यातच दोन आठवडे जातात, आणि नवीन हाताची क्विलिंग सैल पडते, पट्टी सुटते.

तिसरा पर्याय कंपनीनेच सुचवला. प्रेसमधून डिझाईन छापून घ्या आणि वरून फक्त एखादा दोरा किंवा टिकली चिकटवा. स्वस्त आणि बिनधोक. पण मॅडमनी याला साफ नकार दिला आणि मला त्यांचं पटतं. मागे "हाताने बनवलेलं" असं लिहायचं असेल तर घेणाऱ्याने कार्ड उघडून कुठे हात लागलाय ते विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. छापील कार्ड वाईट नसतं, पण ते छापील म्हणून विकावं.

चौथा, तीनशेच घ्यायची. कंपनी म्हणाली मग उरलेली तीनशे बाजारातून घ्यावी लागतील आणि दोन प्रकारची कार्डं पाठवणं बरं दिसत नाही.

पाचवा पर्याय म्हणजे डिझाईनच बदलायचं. पंधरा मिनिटांत एका जणीच्या हातून पूर्ण होईल असं कार्ड आधी बनवायचं आणि मग किती घ्यायची ते सांगायचं. हाच घेतला. मॅडमनी दोन दिवसांत नमुने केले, प्रत्येक नमुना आम्ही घड्याळ लावून पाच वेळा करून पाहिला, आणि शेवटी आकाशकंदील ठरला. हॅंडमेड कागदाचा षटकोन, त्याखाली पतंगी कागदाच्या तीन झिरमिळ्या, कडेला सोनेरी जेल पेनाचे ठिपके, आत "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" असा रबरी शिक्का, आणि बाकी जागा सही करायला कोरी. पंधरा मिनिटांनी १२५ तासांत ५०० होतात, २५० तासांच्या निम्मेच. कंपनीला ५०० सांगितले, ते कबूल झाले.

निम्मा वेळ मोकळा का ठेवला असं तेव्हा एकीने विचारलंही होतं. पुढे तो लागलाच.

आकार, वजन आणि पोस्ट

कंपनीला मोठं कार्ड हवं होतं म्हणजे पूर्ण ए-फोर कागद मध्ये दुमडून. आमच्याकडचा कागद २५० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम, त्याचा एक ए-फोर भरतो साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास, वर मोठं पाकीट आणि सजावट की वीस ग्रॅमची मर्यादा ओलांडली. तेव्हा साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागायचं, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. तेच ए-फोर अर्धा कापून दुमडला तर कार्ड आठ ग्रॅमच्या आत, पाकिटासकट तेरा-चौदा. पाचशेही कार्डं पोस्टाने गेली तर पोस्टाचाच अडीच हजारांचा फरक पडतो हे एचआरवाल्या मॅडमना सांगितलं आणि लहान आकार लगेच मंजूर झाला. सौंदर्याबद्दल कितीही बोललो असतो तरी एवढ्या पटकन झालं नसतं.

यातूनच आणखी एक ठरलं की आरसे, मोती, लाकडी टिकल्या काहीच नको. पोस्टात थप्पी बसते, शिक्के पडतात, फुगीर पाकीट फाटतं. झिरमिळ्याही कार्डाच्या खालच्या कडेच्या आतच संपतील अशा कापल्या.

लोगोचं भांडण झालं नाही. पुढे कंदील, मागे छोटा लोगो, यावर दोघांचंही जमलं.

फोटो आणि मागची ओळ

या भागावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं, फोटो असला की लोकांना भिडतं. संस्थेच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या घरचे लोक सही करतील हो, आपण मदत करतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. आणि नेमकं तेच खटकत होतं. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या होकाराला काय अर्थ? जिच्या भाच्याला आजार आहे ती त्या दिवशी फार कमी बोलली पण जे बोलली त्यावर चर्चा थांबली: "फोटो छापाल त उद्या त्या पोरीचं लग्न कसं जमन, मॅडम?" सिकलसेल हे नाव अजूनही खेड्यांत लपवलं जातं, मुलीच्या बाबतीत जास्तच. पाचशे पाकिटं पाचशे घरांत जाणार, त्यातलं एखादं तिच्याच तालुक्यातल्या घरात जाणार नाही याची खात्री कोण देणार?

मॅडमनी तेव्हा युनिसेफच्या कार्डाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून चित्र काढून पाठवलं, आणि १९४९ मध्ये त्याच चित्राचं युनिसेफचं पहिलं कार्ड झालं. त्यात आजारी, उपाशी मूल नव्हतं, नाचणारी मुलं होती. आपल्याकडे १९७९ मध्ये सुरू झालेल्या क्राय या मुलांसाठीच्या संस्थेनेही पुढे ग्रीटिंग कार्डं विकून पैसे उभे केले, आमच्या पिढीच्या घरात ती कार्डं यायची. मॅडमचा मुद्दा असा की मुलाचा चेहरा देण्यापेक्षा मुलाच्या हातचं काही द्या. संस्थेच्या ताईंनी तपासणीच्या दिवशी रंगपेट्या ठेवल्या, ज्याला काढायचंय त्याने काढावं, आणि त्यातलं एका पोराचं झोपडीवर टांगलेल्या कंदिलाचं चित्र लहान करून मागे छापलं. नाव नाही, गाव नाही, वय नाही. आई-वडिलांना छापील नमुना दाखवून विचारलं आणि चित्र द्यायचं नसलं तरी मदत तीच मिळेल हे आधी सांगितलं.

कंपनीला हे पटायला दोन फोन लागले. नमुना पाहिल्यावर मात्र पुन्हा फोटोचं नाव काढलं नाही.

मग "संपूर्ण रक्कम". हे लिहिणं खोटं झालं असतं, कारण कागद, पाकीट, टेप आणि पाच जणींची मजुरी त्याच पैशातून जायची होती. काही जणींना वाटलं लिहू द्या, सगळेच लिहितात, मजुरीचं नंतर पाहू. पण सगळं चांगल्या कामाला म्हटलं की पहिल्यांदा कापली जाते ती काम करणाऱ्या बाईची मजुरी, आणि ती बाईही संकोचाने मागत नाही. आजारी पोरांसाठी आहे म्हटल्यावर वीस रुपये कसे मागायचे, असं तिला वाटतं. म्हणून मागे शेवटी अशी ओळ गेली: "हे कार्ड नागपुरातल्या महिलांनी हाताने बनवलं आहे. त्यांना त्याची मजुरी मिळाली आहे. प्रत्येक कार्डामागे २५ रुपये सिकलसेल असलेल्या मुलांच्या गरम कपड्यांसाठी दिले आहेत."

गरम कपडे हे सुद्धा आधी ठरलेलं नव्हतं. आमच्या डोक्यात एसटीचं भाडं होतं. ताईंनी सांगितलं की सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई-लेकराचा प्रवास पूर्वीएवढा जड जात नाही, खरी अडचण नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडीची असते. गडचिरोलीतल्या भामरागड-कुरखेड्याकडच्या पोराला रात्रीच्या बसमधून पहाटे नागपूरला उतरताना अंगात स्वेटर नसतो आणि तपासणीला आलेलं पोर इथेच दुखायला लागून भरती होतं. ही चौकशी छापण्याआधी झाली हे फार बरं झालं.

पैशाची मांडणी

भाव ६० वरून ६५ मागितला आणि मिळाला. त्याची फोड कंपनीला लेखी दिली: मजुरी २०, मदत २५, सामान आणि किरकोळ खर्च २०. फोड दिल्यावर घासाघीस झालीच नाही, मला वाटतं लपवलेल्या भावावर लोक जास्त घासतात.

त्यांच्या अकाउंट्सने मग दोन गोष्टी विचारल्या, जीएसटी नंबर आणि पूर्ण रकमेची ८०जी पावती, म्हणजे दानावर आयकरात सूट मिळवून देणारी. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आमची उलाढाल त्याच्या आसपासही नाही, तेव्हा साधं बिल दिलं. ८०जी मात्र आम्ही देऊ शकत नव्हतो आणि कार्ड विकत घेणं हे दान नसतंही. तोडगा असा निघाला की ४० रुपयांप्रमाणे २० हजारांचं बिल आमचं, आणि २५ रुपयांप्रमाणे १२,५०० कंपनीने थेट संस्थेच्या खात्यात टाकायचे, पावती संस्थेने द्यायची. मदतीचे पैसे आमच्या हातातून गेलेच नाहीत, त्यामुळे कोणाला काही विचारायची जागा राहिली नाही. सगळ्या गटांनी असंच करावं असं मी म्हणेन.

आणि ॲडव्हान्स. १० हजार मागितले, म्हणजे बरोबर मजुरीएवढे, आणि ते बाजूला ठेवले. सामान गटाच्या बचतीतून आणलं. कंपन्यांची बिलं निघायला महिना-दीड महिना लागतो, दिवाळीनंतर मिळालेली मजुरी दिवाळीला कामाची नसते.

प्रत्यक्ष काम

कागद इतवारीतून घाऊक आणला. पहिला गठ्ठा छान निघाला, दुसऱ्या गठ्ठ्यातले कागद दुमडले की घडीवर पांढरी चीर पडायला लागली. कागदातले तंतू एका दिशेने असतात, घडी त्या दिशेने घातली तर गुळगुळीत बसते, आडवी घातली तर वरचा थर फुटतो. ए-फोरमध्ये हे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने असतात, आणि तो अर्धा कापून पुन्हा अर्धा दुमडला की घडी आपोआप त्याच दिशेने येते. दुसरा गठ्ठा उलट्या दिशेने कापलेला होता. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे कागद न दुमडता हलकेच वाकवून पाहायचा, एकदा उभा, एकदा आडवा, ज्या बाजूने कमी जोर लागतो ती घडीची दिशा. दुकानदाराने अर्धा गठ्ठा बदलून दिला, उरलेल्याला संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून आधी रेघ दाबली आणि मग दुमडलं तर चीर बरीच कमी झाली.

दुसरी अडचण फेव्हिकॉलची. सप्टेंबर अखेरीस नागपुरात अजून दमट असतं, पाऊस गेलेला नसतो. षटकोन फेव्हिकॉलने चिकटवले की संध्याकाळपर्यंत कार्ड उन्हात टाकलेल्या पापडासारखं वाकायचं, कारण डिंकातलं पाणी कागद एकाच बाजूने पितो, फुगतो आणि वाळताना ओढला जातो. पतंगी कागदाचा तर रंगच उतरायचा. पाटाखाली ठेवून वर डाळीचे डबे ठेवले, थोडा फरक पडला, पण एका वेळी किती पाट मांडणार. शेवटी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. सामानाचा खर्च कार्डामागे वाढला, पण वाळायची वाटच संपली आणि कामाचा वेग एकदम बदलला.

कामाची वाटणी पण मध्येच बदलली. सुरुवातीला प्रत्येकीने पूर्ण कार्ड करायचं असं होतं. आठवडाभराने रेघ दाबणं, षटकोन कापणं, झिरमिळ्या लावणं, ठिपके देणं असे टप्पे केले. ज्यांचा हात ठिपक्यांवर छान बसतो त्या रांगोळीवाल्या. एकीचे ठिपके इतके एकसारखे यायचे की मॅडम तिच्या हातातलं कार्ड घेऊन खिडकीपाशी नेऊन बघायच्या. रोज एकच काम करून मान धरते म्हणून दर तासाला जागा बदलायच्या, हे त्यांनी आपसांतच ठरवलं.

अडलं कुठे

वेळापत्रकात नवरात्र धरलं होतं, दीक्षाभूमी धरली नव्हती. १२ ऑक्टोबरला दसरा, म्हणजेच धम्मचक्र प्रवर्तन दिन. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली तिथे देशभरातून लाखो लोक येतात, आणि आमच्या पाचांपैकी तिघी दरवर्षी तीन-चार दिवस वस्तीतर्फे जेवण-पाण्याच्या स्टॉलवर सेवेला असतात. त्यांच्यासाठी ही वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि वेळापत्रक करताना त्यांना कोणी विचारलंच नाही, घट आणि पाहुणे मात्र आठवणीने मोजले गेले. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही, ऑर्डर हातची जाईल म्हणून. शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर चार दिवस तीन हात कमी झाले.

तेव्हा मॅडमपुढे दोन रस्ते होते. एक, त्यांना रात्री येऊन भरून काढा म्हणणं. दुसरा, कंपनीला आधीच फोन करून सांगणं. मॅडमनी १० तारखेलाच फोन केला, कारण सांगितलं, १९ ला ४४० देतो आणि उरलेली ६० मंगळवारी २२ ला, स्टाफला हातात द्यायची ती शेवटी ठेवा आणि पोस्टाची आधी पाठवा. एचआरवाल्या म्हणाल्या ठीक आहे. हाच फोन १८ ला केला असता तर उत्तर वेगळं आलं असतं हे नक्की.

निकाल

ठरल्याप्रमाणे १९ ला ४४० आणि २२ ला ६० गेली. चीर पडलेली, वाकलेली, शिक्का तिरपा लागलेली मिळून तिसाच्या वर कार्डं बाद झाली, ती गटातच वाटली. दोन पाकिटं पोस्टात फाटल्याचं कळलं, बाकी तक्रार नाही.

मजुरीचे १० हजार धनत्रयोदशीच्या आधी वाटले. सामान आणि किरकोळ खर्च कार्डामागे १७ रुपये पडला, त्यामुळे १,५०० उरले, ते पाचही जणींच्या संमतीने संस्थेला दिले. कंपनीचे १२,५०० धरून १४ हजार झाले. ताईंनी तिबेटी लोकांच्या स्वेटर मार्केटमधून ३५ पोरांसाठी स्वेटर, कानटोपी आणि मोजे घेतले. आमच्या बिलाचे उरलेले १० हजार नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आले.

आता तासांचं. वहीप्रमाणे एकूण १६० तास लागले, म्हणजे कार्डामागे १९ मिनिटं, पंधरा नाही. त्यातले १२० तास पाच जणींचे आणि ४० आम्हा तिघींचे बिनपैशाचे. मजुरी तासांप्रमाणे वाटली तर त्यांना तासाला ८३ रुपये पडले आणि सगळ्यांना ते छान वाटलं. पण आमचे ४० तास मोजले तर तोच दर साडेबासष्टवर येतो. म्हणजे ६५ रुपये हा भाव तिघींच्या फुकट कामावर उभा आहे. उद्या मॅडमची तब्येत बिघडली किंवा मी नसले तर या भावात हे काम बसत नाही. हा आकडा काढला तेव्हा गटात जरा शांतता झाली, पण तो काढायलाच हवा होता.

काय वेगळं करता आलं असतं

पाच कार्डं घड्याळ लावून केली ती सकाळी, ताज्या हाताने, सगळं सामान कापून समोर ठेवून. पन्नास कार्डांचा पूर्ण दिवस करून पाहिला असता तर १९ मिनिटांचा आकडा आधीच कळला असता, आणि फेव्हिकॉलचंही तेव्हाच उघडं पडलं असतं.

दुसरं, सणांची यादी प्रत्येकीच्या तोंडून घ्यायला हवी होती. एका टेबलावर बसणाऱ्या आठ जणींचं कॅलेंडर एक नसतं.

कागदाचं म्हणाल तर एकाच वेळी एकाच गठ्ठ्याचा घ्यावा, आणि दुकानातच वाकवून पाहावा.

डिझाईन सोपं केलं यावर मात्र गटात अजूनही दोन मतं आहेत. जी क्विलिंग सगळ्यात सुरेख करते तिला कंदिलाचं कार्ड फिकं वाटतं, आणि तिचं म्हणणं मी नोंदवून ठेवते: अशा ऑर्डरीच घेत राहिलो तर हातातली कला जाईल. म्हणून आता सोमवार-मंगळवार ऑर्डरीचं काम आणि गुरुवारी ज्याला जे करायचंय ते, असं चाललंय. तिची मोराची कार्डं १२० रुपयाला जातात, कमी जातात पण जातात.

कंपनीने पुढच्या दिवाळीसाठी पुन्हा विचारलं तेव्हा गटाने भाव ८० सांगितला, त्यात सगळ्या तासांची मजुरी धरलेली, ऑर्डर पोळ्याच्या आधी पक्की पाहिजे आणि निम्मे पैसे आधी. मागच्या ओळीतले २५ रुपये तेवढेच ठेवले. एचआरवाल्यांनी ८० जरा जास्त होतात म्हटल्यावर गटातल्या वस्तीतल्या एकीनेच फोन घेतला आणि १६० तासांची वही वाचून दाखवली. ४०० कार्डांवर ठरलं.